‘जगावंसं वाटत नाही’ म्हटल्यावर पुढचं वाक्य कोणतं?

वाचकांचे प्रश्न : मानसिक आरोग्याच्या कामातल्या अवघड केसेस आणि त्यांचं प्रशिक्षण

(या वेळची बहुतेक पत्रं समुपदेशक, शाळेतले कौन्सेलर आणि रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक यांच्याकडून आली आहेत. पत्रं थोडक्यात छापली आहेत. ज्यावरून कुणाची ओळख पटेल, असा तपशील गाळला आहे.)

प्रश्न : मानसशास्त्रात एमए करून तीन वर्षं झाली. दोन वर्षांत आठ वर्कशॉप केले, सगळी प्रमाणपत्रं आहेत. तरी समोरचा माणूस ‘आता जगावंसं वाटत नाही’ म्हणाला की माझी वाचाच बसते. मग मी घाईघाईने ‘असं बोलू नका, सगळं ठीक होईल’ म्हणते. आता पुढचं कोणतं प्रशिक्षण घेऊ? – समुपदेशक, सातारा

उत्तर : नववा वर्कशॉप तूर्त नको. तुम्हाला माहिती कमी पडत नाही, जिभेचा सराव कमी पडतोय. आठही ठिकाणी तुम्ही ऐकलंत, बोललात किती? बहुधा सगळं शिक्षण इंग्रजी स्लाइडवरून झालं आणि क्लायंट बोलतो साताऱ्याचं मराठी. ‘सुइसायडल आयडिएशन’ (आत्महत्येचे विचार) पाठ असतं, पण ‘एकदाचं सुटावं वाटतं’ हे तेच आहे हे कानाला वेळेवर कळत नाही. ‘नको झालंय सगळं’, ‘माझं ओझं झालंय घरच्यांना’, ‘मी नसलो तर बरं चालेल यांचं’ अशी वाक्यं वहीत लिहून काढा. प्रत्येकापुढे तुम्ही काय म्हणाल ते लिहा आणि मोठ्याने म्हणा. पहिल्यांदा आवाज चोरटा येतो. विसाव्या वेळी येत नाही.

आत्महत्येचा धोका तपासायला विचारायच्या प्रश्नांचा एक क्रम जगभर वापरला जातो, तो कोलंबिया प्रश्नावलीचा. त्याचं बोली मराठी साधारण असं होतं. पहिला : ‘झोपलो ते उठूच नये, असं वाटतं का?’ दुसरा : ‘स्वतःचा जीव घ्यावा असे विचार मनात आलेत का?’ दुसऱ्याला ‘हो’ आलं तरच पुढचे तीन : कसं करायचं याचा विचार केलाय का, तसं करायचा इरादा थोडातरी होता का, आणि बेत ठरवून तो तडीस न्यायचं मनात आहे का. दुसऱ्याला ‘नाही’ आलं तर मधले तीन सोडून सरळ सहाव्यावर यायचं : याआधी कधी काही केलंय का, करायला घेतलंय का, तयारी केलीय का, आणि ते गेल्या ३ महिन्यांतलं आहे का? चौथ्या किंवा पाचव्याला ‘हो’, किंवा सहाव्यातली गोष्ट ३ महिन्यांच्या आतली असेल, तर माणसाला एकटं घरी पाठवायचं नाही. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ, आणि तोवर सोबत कुणीतरी. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. उलट बऱ्याच जणांना विचारल्यावर हायसं वाटतं.

दुसऱ्या प्रश्नाशी बहुतेक जण अडखळतात. ‘तसं काही नाही ना मनात?’ असं विचारलं जातं. या ‘नाही ना’मध्येच उत्तर दडलेलं आहे, समोरचा तुमची सोय बघून ‘नाही’ म्हणतो.

पुढची पायरी सुरक्षा-आराखड्याची. स्टॅन्ली आणि ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मांडलेला हा सहा टप्प्यांचा कागद क्लायंटसोबत बसून भरायला अर्धा-पाऊण तास लागतो. टप्पे असे : वाईट वेळ येतेय याच्या खुणा, एकट्याने करता येईल असं काही, जिथे गेल्यावर मन दुसरीकडे वळतं अशी माणसं आणि जागा, ज्यांच्याकडे मदत मागता येईल ती माणसं, व्यावसायिक मदतीचे नंबर, आणि घरातली धोक्याची साधनं दूर करणं. ‘मी काही करणार नाही’ असं लिहून घेऊन खाली सही घेण्याची प्रथा अजून दिसते. तिने जीव वाचतो असा पुरावा नाही, आणि सही झाली की समुपदेशकच गाफील होतो.

हा कागद फसतो तो असा. लिहितो समुपदेशक, क्लायंट मान डोलावतो. दुसऱ्या टप्प्यात ‘ध्यान करणे’ लिहिलं जातं आणि त्या माणसाने जन्मात ध्यान केलेलं नसतं. तिथे त्याच्या तोंडची गोष्ट हवी : ‘गच्चीत जाऊन पाणी घालतो झाडांना.’ गच्चीच धोक्याची असेल तर दुसरी. चौथ्या टप्प्यात ‘धाकटी मावशी’ लिहिलं की तिथल्या तिथे विचारा : नंबर मोबाइलमध्ये आहे का, रात्री अकरानंतर ती फोन उचलते का, तिला यातलं काही ठाऊक आहे का? शक्य असेल तर समोरच तिला एक फोन करू द्या. पाचव्या टप्प्यात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लिहा. हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. सहावा टप्पा शेवटी येतो म्हणून वेळेअभावी राहून जातो, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. शेतकरी घरात फवारणीची औषधं कुलपात, आणि किल्ली दुसऱ्याकडे. साठवलेल्या गोळ्या घरच्यांच्या ताब्यात. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली तसं आत्महत्यांचं प्रमाण खूप खाली आलं. साधन हाताशी नसलं की ती तीव्र वेळ टळते आणि टळलेली वेळ पुष्कळदा परत तशीच येत नाही.

घरचे ‘पोलीस केस होईल’ या धास्तीने रुग्णालयात न्यायला कचरतात. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. १ जुलै २०२४ला लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ राहिलेलंच नाही. रुग्णालय एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर केस) नोंदवेल, जबाब होईल. म्हणजे गुन्हेगार ठरवलं असं नव्हे. हे घरच्यांना दोन वाक्यांत सांगता यायला हवं, कारण त्या घाईत ते दोनच वाक्यं ऐकतात. रुग्णालयातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात; सात दिवसांच्या आत तुमची भेट किंवा फोन ठरलेला असू द्या.

आता प्रशिक्षण कसं निवडायचं ते. आयोजकांना एकच प्रश्न विचारा : ‘बारा तासांपैकी सहभागी किती तास बोलणार?’ उत्तर ‘शेवटी प्रश्नोत्तरं आहेत’ असं आलं तर पैसे वाचवा. चांगल्या प्रशिक्षणात तिघांचे गट असतात – एक समुपदेशक, एक क्लायंट, एक निरीक्षक. दहा मिनिटांचा रोल-प्ले, पाच मिनिटं अभिप्राय, मग भूमिका बदलायच्या. निरीक्षकाच्या हातात कागद असतो आणि त्यावर तो ‘छान केलंस’ लिहीत नाही, झालेलं वाक्य जसंच्या तसं लिहितो. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग (बदलाची इच्छा माणसाच्याच तोंडून काढणारी संवादपद्धत) याच्या प्रशिक्षणावर झालेल्या अभ्यासांत हेच दिसलं : नुसत्या वर्कशॉपने आलेलं कौशल्य काही महिन्यांत विरतं. त्यानंतर खऱ्या सेशनचं रेकॉर्डिंग ऐकून कुणी अभिप्राय देत राहिलं तर ते टिकतं. थोडक्यात, दोन दिवसांच्या कार्यक्रमाला पुढे सहा महिन्यांची शेपटी नसेल तर ते व्याख्यान समजायचं. व्याख्यानाला आमचा विरोध नाही, फक्त त्याला प्रशिक्षण म्हणू नये.

प्रश्न : एमए आणि एक वर्षाचा डिप्लोमा झालाय. पाटीवर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ लिहू शकतो का? – नाशिक

उत्तर : आरसीआयची नोंदणी नसेल तर नाही. आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद. तिच्या केंद्रीय नोंदवहीत नाव आणि त्यामागे परिषदेने मान्य केलेला क्लिनिकल अभ्यासक्रम, दोन्ही लागतं. ‘समुपदेशक’ किंवा ‘सायकॉलॉजिस्ट’ लिहा आणि खाली शिक्षण स्पष्ट लिहा. समुपदेशकांसाठी २०२१चा अलाइड आणि हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा आहे, त्याखालच्या नोंदणीकडे लक्ष ठेवा.

प्रश्न : आमच्या शाळेतल्या सोळा वर्षांच्या मुलीने सेशनमध्ये सांगितलं की एक नातेवाईक दोन वर्षांपासून त्रास देतोय. आईला सांगितलं तर ती म्हणते, ‘पोलिसांत गेलो तर मुलीचं लग्न व्हायचं नाही.’ मुख्याध्यापक म्हणतात, ‘पालकांची लेखी परवानगी आणा.’ मी गोपनीयतेचं वचन दिलं होतं. – शाळा समुपदेशक, विदर्भ

उत्तर : वचन देताना चूक झाली, सांगण्यात नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९प्रमाणे अठरा वर्षांखालच्या व्यक्तीवर असा गुन्हा झाल्याचं कळलं तर कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. पालकांची परवानगी लागत नाही, मुख्याध्यापकांचीही नाही. न कळवल्यास कलम २१प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबाबतची गोष्ट दडवली तर एक वर्षापर्यंत. मुख्याध्यापकांना हे शांतपणे दाखवा. सद्भावनेने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

करायचं ते या क्रमाने. आधी मुलीला सांगा, मग बाकीच्यांना. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही. हे थांबवायला मला काही लोकांना सांगावं लागणार आहे. कुणाला आणि कधी, ते आधी तुला सांगेन.’ मग नोंद : तारीख, वेळ, आणि तिचे शब्द अवतरणचिन्हात जसेच्या तसे. ती ‘घाण करतो’ म्हणाली असेल तर तेच लिहा, तुमचा वैद्यकीय शब्द नको. खोदून विचारू नका. ‘काय झालं?’ आणि ‘अजून काही सांगायचंय?’ एवढं पुरे. तपास तुमचं काम नाही, आणि तेच तेच चारदा वदवून घेतलं की मुलगी मिटते आणि न्यायालयात जबाबातल्या फरकांवर बोट ठेवलं जातं. त्यानंतर स्थानिक पोलीस ठाणं किंवा विशेष बाल पोलीस पथक. अडचण वाटली तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन. तो नातेवाईक त्याच घरात राहतो का, हे कळवतानाच सांगा. आज रात्री ती कुठे झोपणार, हा प्रश्न उद्यावर टाकता येत नाही.

आईच्या भीतीला उत्तर ‘कायदा आहे’ हे नव्हे. तिला सांगा की जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे होतो, शक्यतो महिला अधिकारी घेते, ती गणवेशात नसते, मुलीला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही, ओळख छापता येत नाही. चोवीस तासांच्या आत पोलिसांना बालकल्याण समितीला कळवावं लागतं आणि समिती सहायक व्यक्ती नेमू शकते. आईच्या मनातलं पोलीस ठाण्याचं चित्र यापेक्षा फार भयंकर असतं.

सतरा-अठराच्या आसपासच्या मुलामुलींच्या आपसांतल्या संमतीच्या संबंधांबद्दल तुम्ही पुढे विचारलं आहे. कायदा अठराखाली संमती मानत नाही, म्हणून कळवण्याचा प्रश्न तिथेही उभा राहतो. हा या कामातला खरोखरचा पेच आहे. एकट्याने, सेशनच्या घाईत निर्णय घेऊ नका. सुपरव्हायझर (तुमच्या केसेसवर मार्गदर्शन करणारा अनुभवी समुपदेशक) आणि वकील यांच्याशी प्रसंग येण्याआधीच बोलून ठेवा.

आणि यापुढे पहिल्या सेशनचं पहिलं वाक्य बदला : ‘तू बोलशील ते माझ्याजवळ राहील. पण तुझ्या जिवाला धोका असेल, तू दुसऱ्या कुणाला इजा करणार असशील, किंवा तुला कुणी त्रास देत असेल, तर मला सांगावं लागेल.’ प्रशिक्षणात हे वाक्य प्रत्येकाने निदान दहा वेळा म्हणायला हवं. ते पुटपुटत, फॉर्म भरून घेताना म्हटलं तर न म्हटल्यासारखंच.

प्रश्न : चाळिशीचा क्लायंट, नैराश्यासाठी बारा सेशन झाली, फरक नाही. ‘थोडी घेतो’ म्हणतो. थेरपी चुकतेय का? – सायकॉलॉजिस्ट, पिंपरी-चिंचवड

उत्तर : ‘थोडी’ म्हणजे किती ते विचारलंत का? उत्तर बहुधा ‘एक क्वार्टर’ असं येईल. हिशेब कागदावर करा. चपटी १८० मिलीची, आपल्याकडच्या व्हिस्की-रमवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे सुमारे ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात जवळपास ६१ ग्रॅम. १० ग्रॅमचं एक प्रमाण ड्रिंक धरलं तर ही सहा ड्रिंक्स झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑडिट या दारू पिण्याविषयीच्या चाचणीत ‘एका बैठकीत सहा किंवा जास्त’ असा प्रश्न आहे. तुमचा क्लायंट ‘थोडी’ म्हणत रोज तिथे पोचतो. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर चार ड्रिंक्स होते, ५ टक्क्यांची अडीच. प्रशिक्षणात टेबलावर रिकाम्या बाटल्या ठेवा, लेबलं वाचायला लावा. या विषयावरच्या शंभर स्लाइडपेक्षा हे लक्षात राहतं. ऑडिटचे दहा प्रश्न, कमाल ४० गुण. आठ किंवा जास्त आले तर पुढे बोलायचं.

सर्वांत मोठी चूक पुढे होते. हिशेब बघून समुपदेशक सांगतो, ‘उद्यापासून बंद.’ रोज पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर ६ ते २४ तासांत थरथर, घाम, उलट्या सुरू होऊ शकतात. फिट्स साधारण पहिल्या दोन दिवसांत येतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, भास. यात माणूस दगावतो. आधी सोडताना फिट किंवा भ्रम झालेला असेल, किंवा सकाळी हात थरथरतात म्हणून सकाळीच घेत असेल, तर सोडवणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. थायमिन आणि इतर औषधं तेच ठरवतील.

नैराश्य दारूमुळे की दारू नैराश्यामुळे, हे पिणं चालू असताना ठरवता येत नाही. सोडल्यावर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासा. बऱ्याच जणांचं तोवर उतरतं. पिणं सुरू होण्याआधी किंवा पूर्वी लांब थांबलेल्या काळातही नैराश्य होतं का, हे बायकोला किंवा भावाला विचारा. तारखा त्यांना जास्त आठवतात. आत्महत्येच्या विचारांसाठी मात्र चार आठवडे थांबायचं नाही. नैराश्य आणि दारू एकत्र असली की धोका आणखी वाढतो. आणि बारा सेशन वाया गेली असंही नाही, तो बारा वेळा आला.

प्रश्न : एका बाईंच्या अंगात येतं. सासरचे देवऋषाकडे नेतात. ही स्किझोफ्रेनिया समजायची का? – समाजसेवा अधीक्षक, सोलापूर

उत्तर : एवढ्यावरून नाही. आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत यासाठी वेगळं निदान आहे, आणि जे अंगात येणं त्या समाजाच्या धार्मिक रीतीत बसतं आणि त्या व्यक्तीला त्याचा त्रास नाही, त्याला आजार म्हणायचं नाही असंही तिथेच म्हटलंय. आरतीला, घुमटासमोर, ढोलावर येतं आणि संपल्यावर बाई स्वयंपाकाला लागते, ही एक गोष्ट. मंगळवार नाही, देव नाही, भांडी घासताना येतं, नको असताना येतं, मुलं घाबरतात, ही दुसरी. विचारा : पहिल्यांदा कधी आलं आणि त्याआधीच्या महिन्यात घरात काय घडलं? नंतर आठवतं का? समोर कुणी नसताना येतं का? जीभ चावली, कपड्यात लघवी झाली, डोळे उघडे राहून अंग ताठलं, तर आधी न्यूरॉलॉजिस्ट. अंगात नसतानाही दिवसभर आवाज ऐकू येत असतील तर मानसोपचारतज्ज्ञ.

अंगात आल्यावर ती काय बोलते, ते घरच्यांकडून शब्दशः मिळवा. एरवी सासूपुढे तोंड न उघडणारी बाई तेव्हा सासूलाच जाब विचारत असेल तर केसचा अर्धा इतिहास तिथे आहे. श्रद्धेवर वाद घालू नका, हरलात तरी नुकसान आणि जिंकलात तरी. मात्र भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चटके होत असतील तर महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे, आणि मानसिक आजार असलेल्याला साखळीने बांधणं २०१७च्या कायद्याने निषिद्ध आहे. तिथे तुमची भूमिका तटस्थ राहत नाही.

प्रश्न : आमच्या तालुक्यात सुपरव्हायझर नाही. आम्ही पाच जण व्हॉट्सॲप ग्रुपवर केसेस टाकतो. चालेल का? – कोकण

उत्तर : ग्रुप बंद करा, गट ठेवा. नाव न लिहिता ‘तहसील कचेरीतल्या क्लार्कची बायको, दोन मुली’ एवढं टाकलं तरी तालुक्यातल्या निम्म्या लोकांना ती कळते. मेसेज पुढे जातो, फोन पोरांच्या हातात असतो. मानसिक आरोग्याच्या कायद्यातला गोपनीयतेचा हक्क ग्रुपवरही लागू आहे.

पाच जण ही चांगली संख्या आहे. दर पंधरा दिवसांनी दीड तास, व्हिडिओ कॉलवर किंवा समोरासमोर, एका वेळी एक किंवा दोन केसेस. मांडणारा एका पानावर आणतो : वय दहाच्या पट्ट्यात, व्यवसाय बदललेला, आणि सर्वांत वर एकच प्रश्न. ‘काय करू?’ हा प्रश्न चालत नाही. ‘तो तिसऱ्यांदा उशिरा आला तेव्हा मी काहीच का बोललो नाही?’ हा चालतो. दहा मिनिटं मांडणी. पाच मिनिटं फक्त तपशिलाचे प्रश्न. मग क्लायंटची लेखी परवानगी असेल तर सेशनच्या रेकॉर्डिंगची पाच मिनिटं. माणूस स्वतःच्या केसची हकिगत सांगतो तेव्हा ती नकळत नीटनेटकी होते. रेकॉर्डिंगमध्ये आपण क्लायंटचं बोलणं किती वेळा तोडलं ते ऐकू येतं. ऐकून झाल्यावर ते सर्वांसमोर पुसून टाकायचं. पुढची वीस मिनिटं बाकीचे बोलतात आणि मांडणारा गप्प बसून लिहितो. हेच सर्वांत जड जातं, सगळ्यांना खुलासे द्यायचे असतात. शेवटी मांडणाऱ्याने पुढच्या सेशनमध्ये म्हणायचं एक वाक्य ठरवायचं आणि तिथेच, गटासमोर, एकदा म्हणून दाखवायचं.

आत्महत्येचा धोका, मुलांवरचे अत्याचार, सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) – या तीन बाबतींत पाच समवयस्कांचं एकमत पुरेसं नाही. महिन्यातून एकदा तासाभरासाठी जिल्ह्याच्या किंवा पुण्या-मुंबईच्या अनुभवी तज्ज्ञाची फी पाचात वाटून द्या, आणि तातडीच्या वेळी कुणाला फोन करायचा ते नाव आजच ठरवून भिंतीवर लावा, कारण अशी केस शुक्रवारी संध्याकाळी सहाला येते.